भावाच्या फोनवरून

मागच्या रविवारी दादाचा फोन आला. वडलांच्या माघारी सातबाऱ्यावर वारसांची नावं चढली आहेत, त्यात माझंही आलं आहे, तेव्हा एकदा गावाकडं येऊन हक्कसोड करून जा, एवढंच म्हणाला. तिकिटाचं मी बघतो म्हणाला. मी "सांगते" म्हटलं. "त्यात सांगायचं काय? येत्या रविवारी परत लावतो फोन. कोणत्या गाडीनं येतीस तेवढं सांग," असं म्हणून त्यानं ठेवला.

दादा वाईट माणूस नाही, हे आधीच सांगून ठेवते. वडलांचं शेवटचं सगळं अंथरुणातलं दादा-वहिनीनं केलं. आई त्यांच्याकडंच असते. दरवर्षी संक्रांतीच्या आसपास माझ्यासाठी तुरीची डाळ पाठवतो, इथं वापीला, गुजरातेत. आमचं गाव बेंबळीपासून आत, तिथून इथपर्यंत डाळ येते म्हणजे थोडं नाही. जमीन मला कसायची नाही. त्यानं मागितली तर देईनही. पण ते "सांगते" माझ्या तोंडून का निघालं, ते मला आठ दिवस कळेना. पॅकिंगच्या कामावर दोनदा उलटी लेबलं लावली. मी तशी भित्रीच. फोन वाजला तरी दचकते.

या आठ दिवसांत सारखी उमरग्याला भेटलेल्या सरांची आठवण येते आहे. मी नववीतून शाळा सोडलेली बाई, मला असलं लिहायची सवय नाही. पण सर सांगायचे की जे पाहिलं ते लिहावं, जे नुसतं ऐकलं ते ऐकलं म्हणून लिहावं, आणि जिथं खात्री नाही तिथं खात्री नाही असंच लिहावं. तेवढं मला जमेल.

नववीत असताना आई आजारी पडली. घरचं करायला कुणी नव्हतं म्हणून शाळा सुटली, ती सुटलीच. पुढं मावशीनं मला उमरग्याला नेलं, टायपिंगच्या क्लासला घातलं आणि रजिस्ट्री ऑफिससमोरच्या एका दुकानात चिकटवून दिलं. दुकानाचे मालक दस्त लिहायचे. खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र. ते सांगायचे, मी टाइप करायची. खरं तर टाइप करण्यासारखं थोडंच असायचं. फाईल उघडायची, जुनं नाव खोडायचं, नवं घालायचं, गट नंबर बदलायचा, प्रिंट काढायची.

एका दुपारी एक म्हातारे गृहस्थ आले. पांढरा शर्ट, खिशाला तीन पेनं आणि एक पेन्सिल. त्यांनी हक्कसोडपत्रांच्या नकलांचा गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे वाक्य कुणाचं?"

मी वाचलं. 'कोणाच्याही दबावाला बळी न पडता, राजीखुशीने, कोणताही मोबदला न घेता माझा हक्क कायमचा सोडून देत आहे.' पाठच होतं मला.

"कम्प्युटरमधलं आहे," मी म्हटलं.

"कम्प्युटरला कुणी सांगितलं?"

"मालकांनी."

"मालकांना?"

मालक आतून हसत बाहेर आले. "सर, माझ्या आधी इथं जे बसायचे त्यांच्या वेळेपासून हेच हाय. चालत आलंय."

"म्हणजे एवढ्या बायका," त्यांनी गठ्ठ्यावर हात ठेवला, "आणि खुशीत एका शब्दाचाही फरक नाही."

"आता सर, दस्त म्हणल्यावर असंच असतंय. माझी खुशी नव्हती, असं कोण लिहील?"

"तेच शोधतोय," ते म्हणाले, आणि खुर्ची ओढून बसले. कुणी बसा म्हटलं नव्हतं. त्या दिवशी तासभर ते मला एकेक ओळ दाखवून "ही कुणाची?" असं विचारत राहिले आणि मी "फाईलमधली" असं सांगत राहिले. गेल्यावर मालक म्हणाले, "डोकं जरा सरकलंय त्यांचं. पण माणूस सरळ हाय."

त्यांची हकीकत नंतर कळली. तीस वर्षं ते कोर्टाच्या रेकॉर्डरूममध्ये होते. मिसली, म्हणजे खटल्यांची जुनी बाडं, शिवायची, लावायची, नकला द्यायच्या. नोकरीत असतानाच कायद्याची परीक्षा दिली. निवृत्त झाल्यावर पीएच.डी.ला नाव घातलं, आणि आठवड्यातून दोन तास एका लॉ कॉलेजात संशोधनाची पद्धत शिकवायला जायचे. त्या तासाला चारच पोरं बसायची, असं तेच सांगायचे. त्यांचे मार्गदर्शक त्यांच्या मुलापेक्षा लहान होते. त्यांचा फोन आला की हे उभं राहून बोलायचे.

विषय एकच. कायद्यानं मुलीला वडलांच्या जमिनीत मुलाइतकाच वाटा आहे. मग वडील गेल्यावर बहिणी तो सोडून का देतात?

"कायदा काय म्हणतो ते पुस्तकात मिळतं," ते म्हणायचे. "ते अर्धं संशोधन. टेबलाशी बसून होतं. पण त्या कायद्याचं गावात गेल्यावर काय होतं, ते गावात गेल्याशिवाय कळत नाही. तीस वर्षं मी कागद सांभाळले, त्यावर लिहिलंय ते खरं असं धरून. निवृत्त झाल्यावर वाटलं, एकदा विचारून तरी बघावं."

बायका त्यांच्याशी बोलेनात, म्हणून त्यांनी मला मागून घेतलं. शनिवारी-रविवारी त्यांच्याबरोबर गावं फिरायची. मी घाबरले. "सर, मला काय येतंय? नववी सुद्धा पुरी नाही."

"येत नाही तेच बरं आहे. ज्यांना येतं ते उत्तर घरूनच घेऊन निघतात."

ते सगळ्यांना तुम्ही म्हणायचे. मला, चहाच्या टपरीवरच्या माणसाला, दारात आलेल्या मांजराला सुद्धा. "तुम्ही सकाळी येऊन गेलात," असं मांजराला म्हणताना मी कानानं ऐकलंय.

त्यांच्या खिशातल्या पेनांना अर्थ होता. कायद्यात किंवा कागदात लिहिलेलं निळ्यानं. कुणी तोंडी सांगितलेलं हिरव्यानं. स्वतः डोळ्यांनी पाहिलेलं काळ्यानं. आणि स्वतःचं मत पेन्सिलीनं, कारण ते खोडता आलं पाहिजे. मिठाईच्या रिकाम्या खोक्यांत त्यांनी कार्डं लावून ठेवली होती आणि प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात हे कुठून मिळालं ते लिहिलेलं असायचं. ही सवय स्वयंपाकघरापर्यंत गेली होती. काकूंच्या, म्हणजे सरांच्या बायकोच्या, डब्यांवर चिठ्ठ्या होत्या. 'हळद. मुरुमच्या बाजारातून. शुद्ध असल्याचे दुकानदाराचे म्हणणे.' तेही हिरव्या शाईत. काकू म्हणायच्या, "यांच्या हाताखाली संसार केला मी. एकदा मीठ जास्त झालं म्हणून बोलले, तर मी विचारलं, कशावरून? तेव्हापासून गप जेवतेत."

एकदा उमरग्याच्या स्टँडवर गाडी सुटेना. सरांनी कंडक्टरला विचारलं, "कधी सुटणार?"

"आत्ता सुटंल."

"हे कशावरून म्हणता?"

कंडक्टरनं त्यांच्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "डायवरचा चहा अर्धा संपलाय. इथून दिसायलाय मला."

सर इतके खूष झाले की गाडीभर सांगत सुटले, "बघा, याला पुरावा म्हणतात. काळ्या शाईतला."

गावात जाताना त्यांच्या कापडी पिशवीत एक लाकडी पाट असायचा. ज्या बाईशी बोलायचं ती जमिनीवर बसणार, आणि आपल्याला कुणी तरी खुर्ची आणून देणार, मग ती वर बघून बोलणार, आणि वर बघून माणूस खरं बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणून ते खुर्ची बाजूला सारून पाट टाकून बसायचे. आपण तिच्यापेक्षा बोटभर खालीच असावं, म्हणायचे. गावातली माणसं हसायची. "मास्तर जेवायलाच आलेत काय? ताट वाढा गं!" सरांना त्याचं काही वाटायचं नाही. प्रत्येकीच्या उत्तरांचा फॉर्म भरून होईस्तोवर ते चहाही घेत नसत. त्यामागचा त्यांचा हिशेब असा, की चहा प्यालो की आपण पाहुणे होतो, आणि पाहुण्याला लोक बरं वाटेल तेच सांगतात.

मला शिकवलं ते असंच, बोलता बोलता. पहिल्या दिवशी त्यांच्या घरी गेले तेव्हा म्हणाले, "उन्हातून आलात. चहा नकोच असेल ना तुम्हाला?"

"नको," मी म्हटलं.

"आता खरं सांगा. हवा होता का?"

मी खाली मान घालून म्हटलं, "हवा होता."

"मग नको का म्हणालात? कारण उत्तर मीच प्रश्नात घालून दिलं होतं. तुम्ही नुसती मान हलवली. आपल्या कामात असं विचारायचं नाही. 'राजीखुशीनं सही केली ना?' असं तर मुळीच नाही. 'सही केली तेव्हा काय काय झालं, सांगा,' एवढंच. आणि मग गप्प बसायचं."

"किती वेळ?"

"मनात वीसपर्यंत मोजा. सावकाश. खरं उत्तर बहुतेक पंधराच्या पुढं येतं."

हे वीस मोजणं मला सगळ्यात अवघड गेलं. समोरचं माणूस गप्प झालं की मला वाटतं माझंच काही चुकलं. मी पटकन काहीतरी बोलून जायची. सर मग पाटावर बसल्या बसल्या बोटानं जमिनीवर हळूच ठोका द्यायचे, एक, दोन, तीन.

त्यांचं स्वतःचं एक गृहीतक होतं. म्हणजे काम सुरू करण्याआधी बांधलेला अंदाज. बहिणी घाबरून सही करतात, असा. ते पेन्सिलीनं लिहून भिंतीवर लावलं होतं. "गृहीतक म्हणजे पाहुणा," म्हणायचे. "बसायला द्यायचं. घर त्याच्या नावावर करायचं नाही."

विद्यापीठानं त्यांना दोनदा मुदत वाढवून दिली होती. आता दिवाळी ही शेवटची. तोवर प्रबंध दिला नाही तर नाव रद्द. फॉर्म जवळजवळ भरत आले होते, मुरुमच्या बाजूचं एक गाव तेवढं राहिलं होतं. नेमका त्याच शनिवारी सरांना ताप भरला. मी म्हटलं, मी एकटी जाऊन येते. अकरा फॉर्म घेऊन निघाले.

गावात गेल्यावर कळलं, आणि खरं तर आधीच कळायला हवं होतं, की ज्या बहिणींनी सह्या केल्या त्या त्या गावात असणारच नाहीत. त्या नांदायला गेलेल्या. इथं असणार ते भाऊ. सर दर वेळी बहिणीच्या सासरचं गाव आधी शोधून ठेवायचे, या वेळी तापामुळं ते राहून गेलं होतं. मी यादी घेऊन उन्हात उभी. एका घराच्या ओट्यावर पाच-सहा माणसं बसलेली. त्यातला एकजण फार भला.

"एवढ्यासाठी कुठं कुठं हिंडता बाई? थांबा, लावतो की फोन." त्यानं नंबर लावला, स्पीकर सुरू केला. "अक्का, हितं सर्वेवाल्या बाई आल्यात. तू राजीखुशीनं सही केली व्हतीस न्हवं?"

पलीकडून आवाज आला, "व्हय की. भावाला न्हाय तर कुणाला देयाचं?"

ओट्यावरचे सगळे हसले. मग दुसऱ्यानं आपल्या बहिणीला लावला. मग तिसऱ्यानं. कुणी घरात बोलावणं धाडून भाऊ गोळा केले. दोनच्या गाडीच्या आत अकरा फॉर्म भरून झाले. भाकरी आणि शेंगांची चटणीही खाऊ घातली त्यांनी. गाडीत बसल्यावर मला इतकं मोकळं वाटलं. दिवाळीच्या आत होतंय आता सरांचं, माझ्यामुळं होतंय, असंही वाटलं.

सर अंगावर रग घेऊन बसले होते. अकरा फॉर्म त्यांनी एकापुढं एक मांडले, पत्त्यांसारखे. वाचले. परत वाचले.

"फोन कुणाचा होता?"

मी फोनचं त्यांना सांगितलंच नव्हतं. सगळी उत्तरं सारखी बघूनच त्यांना कळलं होतं.

"त्यांच्या भावांचा," मी म्हटलं.

"ऐकत कोण कोण होतं?"

"स्पीकर होता सर. सगळेच."

त्यांनी हिरवं पेन काढलं आणि प्रत्येक फॉर्मच्या डोक्यावर लिहिलं, 'भावाच्या फोनवरून. स्पीकरवर. घरच्यांसमोर.' अकरा वेळा. मग ते दोऱ्यानं बांधून वेगळे ठेवले. मला वाटलं आता फाडतील. पण म्हणाले, "चूक फेकायची नाही. ती कशी झाली ते वर लिहून जपायची. आता या अकराजणींच्या सासरी जायचं."

काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "अहो, दिवाळी किती दिवसांवर आली? अकरा सोडून द्या की. बाकीचे हैत ना भरलेले?"

"बाकीचे आहेत. पण या अकराजणी आता मला माहीत झाल्या."

"मुदतीचं काय?"

"उशीर झालेला लिहिता येतो. खोटं कुठल्या शाईनं लिहू?"

मला रडू आवरेना. मी म्हटलं, "सर, मी उद्यापासून येत नाही. शिकलेलं कुणीतरी बघा."

ते दोऱ्याची गाठ बोटानं चाचपत राहिले. वीसच्या पुढं गेले असावेत. मग म्हणाले, "माझ्या तासाला चार पोरं बसतात. यातल्या एखाद्यानं हीच चूक केली असती आणि फोन कुणाचा म्हटल्यावर त्या बायकांचाच होता म्हणून सांगितलं असतं. मला कळलंही नसतं. तुम्ही सरळ सांगितलंत. तुम्हीच या."

आयुष्यात मला शिकलेल्या माणसानं 'तुम्हीच' म्हटलेलं तेवढं एकदाच.

मग आम्ही अकरा गावं धरली. काही बायका भेटल्या, काही कामाला बाहेरगावी गेलेल्या. सरांचा ताप उतरायचा, परत चढायचा. गाडीत पाटाची पिशवी मांडीवर घेऊन डोळे मिटून बसायचे.

त्यातल्या एकीचं तेवढं सांगते. ओट्यावर ज्या भल्या माणसानं पहिला फोन लावला होता, त्याची ही अक्का. अंगणात साठवणीतल्या चिंचा फोडत बसली होती. सरांनी पाट टाकला, पण तिची सासू आणि दीर येऊन उभे राहिले तेव्हा स्वतःच उठले, आणि "तुमच्या गावचा कडुलिंब मोठा जुना दिसतो, कुणी लावला?" असं विचारत त्या दोघांना रस्त्यापर्यंत घेऊन गेले. जाताना मला डोळ्यांनीच पाट दाखवला. मी पाटावर बसले.

"सही केली तेव्हा काय काय झालं, सांगा," मी म्हटलं, आणि मोजायला लागले.

ती चिंचा फोडत राहिली. ठक, ठक. अकरा, बारा, तेरा. माझ्या तोंडावर दहा वेळा शब्द आला, मी गिळला. सोळा-सतराला तिचा हात थांबला.

"सही कुठं केली मी? अंगठा घेतला माझा."

"अंगठा?"

"मला सही येती. सातवी झालीया माझी. पर कागदावर माझ्या नावाखाली आधीच छापलेलं व्हतं, निशाणी डावा अंगठा. सायेब म्हणले लाव, लावला." तिनं एक चिंच उचलली, तशीच हातात धरली. "जमिनीचं काय न्हाय वो. दादानं घरी येऊन मागितली असती तरी दिली असती. लई जीव हाय त्याचा माझ्यावर. पर पेन तरी देयाचा व्हता."

माझं लिहिणं तिथंच थांबलं. कारण ती ओळ आमच्या फाईलमधली होती. हक्कसोडपत्राच्या फाईलमध्ये बाईच्या नावाखाली ते कायमचं असायचं, निशाणी डावा अंगठा. लक्षात आलं तर खोडायचं, नाहीतर राहायचं. तिचा दस्त मी टाइप केला होता का, मला खरंच आठवत नाही. तो उमरग्याला झाला होता आणि मी त्या दुकानात होते, एवढं काळ्या शाईनं लिहिता येईल.

मी तिला सांगितलं. "अक्का, ते आमच्या दुकानात छापलेलं असंल. मीच छापलेलं असंल."

ती माझ्याकडं बघत राहिली. रागावली नाही. "तुमी काय मुद्दाम केलंसा?" म्हणाली. मग माझ्या हातातलं पेन तिनं मागून घेतलं आणि फॉर्मच्या तळाला सही केली. पूर्ण नाव, नवऱ्याचं, आडनाव, खाली रेघ. हळूहळू. जीभ दातांत धरून.

फॉर्मवर कुणाचं नाव घ्यायचं नाही हा सरांचा पक्का नियम. तसा शब्दच आम्ही प्रत्येकीला द्यायचो. मी भीत भीत फॉर्म त्यांच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं. गाडी येईपर्यंत त्यांनी तो धरून ठेवला. घरी आल्यावर रेकॉर्डरूममधला दाभण काढला, सहीची पट्टी आत दुमडली आणि दोऱ्यानं टाके घालून बंद केली, मिसल शिवतात तशी.

"कापली असती तरी चाललं असतं," काकू म्हणाल्या.

"नाव झाकायचा शब्द दिलाय. सही कापायचा नाही," सर म्हणाले. मग त्यांनी भिंतीवरचं गृहीतक काढलं, रबरानं खोडलं आणि बराच वेळ कोरा कागद हातात घेऊन बसले.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेल्या गेल्या मी फाईलमधली ती ओळ काढून टाकली. मालकांना आठवड्यानं दिसलं. "ए बाई, हे कुणी खोडलं?" मी म्हटलं, "मी. सही येते का ते विचारून घालायचं." ते "लई शिकलीस" म्हणाले, पण परत घातली नाही.

दिवाळी गेली. सरांचं नाव रद्द झालं. ते विद्यापीठात जाऊन आले आणि शर्टाची पेनं काढून टेबलावर ठेवत म्हणाले, "बरं झालं. आता घाई नाही." मी मनात म्हटलं, माझ्या अकरा फोनांनी घालवलं हे. ते मी त्यांना बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "कशावरून?" आणि हसले. त्यांना तसं मोठ्यानं हसताना मी तेवढंच पाहिलं.

पदवी नाही म्हटल्यावरही ते लिहीत राहिले आणि मी टाइप करत राहिले. टाइप करताना पहिल्या क्रमांकाचा फॉर्म हाताला आला. प्रश्न नीट विचारले जातात की नाही, हे आधी घरच्याच माणसावर करून बघतात, तो हा फॉर्म. तो काकूंचा होता. सरांनी काकूंना समोर बसवून विचारलं होतं, सही केली तेव्हा काय काय झालं, आणि वीसपर्यंत मोजलं असणार. उत्तर सरांच्याच अक्षरात, हिरव्या शाईत होतं. 'तुम्हीच म्हणालात, भावाशी वाकडं कशाला, जाऊन सही करून या. मी आले करून.'

प्रस्तावनेत त्यांनी ते घातलं. 'संशोधकाच्या पत्नीने माहेरच्या जमिनीवरील हक्क सोडला, तो संशोधकाच्या सांगण्यावरून.' मार्गदर्शक आता मार्गदर्शक राहिले नव्हते, तरी भेटायला यायचे. ते म्हणाले, सर, हे काढा, हे तुमचं खासगी आहे, यानं तुमच्या निष्कर्षाला बाध येतो. सर म्हणाले, "बाध येतोच. म्हणूनच पहिल्या पानावर पाहिजे." त्यांनी ते वाक्य पेन्सिलीनं लिहिलेलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाले, "हे माझं मत नाही. हे घडलंय."

काकू दारात उभ्या होत्या. त्यांना ते वाक्य वाचून दाखवलं का, मला माहीत नाही. पण त्या दिवशी हळदीच्या डब्यावरची चिठ्ठी त्यांनी नवी करून लावली, जुनी फाटली होती म्हणून.

माझं लग्न झालं आणि मी इकडं आले. मागच्या थंडीत सर गेले. काकूंनीच फोन करून सांगितलं. प्रबंध बांधून घेतलेला आहे, एकच प्रत, काकूंच्या कपाटात. मी जाऊन आले तेव्हा काकूंनी विचारलं, तुला काय देऊ? मी पाट मागितला. वापीच्या गाडीत लोक बघत होते, ही बाई पाट घेऊन कुठं निघाली म्हणून.

आज रविवार. सकाळपासून मी त्याच पाटावर बसून हे लिहितेय. जमिनीचं माझं मत काय, ते एका कागदावर पेन्सिलीनं लिहून ठेवलं आहे. आठ दिवसांत तीनदा खोडलं.

अकराच्या सुमाराला फोन वाजला. मी दचकले ती दचकलेच.

"हां, कोणत्या गाडीनं येतीस?" दादाचा आवाज मोठा, जरा लांबून आल्यासारखा. मागं भांडी, वहिनी, कुणीतरी खोकलं. "हितं काका बसलेत, ते विचारायलेत. तू खुशीनंच देतीयेस ना?"

माझाच श्वास मला पलीकडून परत ऐकू येत होता. उत्तर तयार होतं. व्हय की. भावाला न्हाय तर कुणाला. ते ओठांवर आलं सुद्धा, आणि ओट्यावरचे सगळे हसले होते तेही ऐकू आलं.

"दादा," मी म्हटलं, "आधी स्पीकर बंद कर."

"आं? का गं?"

"बंद कर. मग विचार."

खुडबुड झाली. काका काहीतरी म्हणाले, वहिनी काहीतरी म्हणाली. एक दार लागलं. मग भांड्यांचा आवाज थांबला, खोकला थांबला आणि फोनमध्ये नुसता दादाचा श्वास राहिला. मला सवयीनं वाटलं, पटकन काहीतरी बोलून टाकावं, तो चिडला असेल. मी पाटाच्या कडेला बोट टेकलं आणि मोजायला लागले. आठ. नऊ. दहा. तो फोन ठेवील असं वाटलं. चौदा. पंधरा.

सतराला दादा म्हणाला, "बोल. आता मी एकटाच हाय."